आईला टेबलावर काही विचारावं लागू नये

परवा हळदीकुंकवाला तू मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलंस आणि दार लोटून हळूच विचारलंस, "ताई, मार्चमध्ये आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. ते तेव्हा इथेच असतील. त्यांना ऑकलंडमधल्या एखाद्या मोठ्या हॉटेलात जेवायला न्यायचंय. कुठलं चांगलं?" बाहेर वाण लुटणं चाललं होतं, माझ्या हातात तिळगुळाचा डबा होता, ओट्यावर चहा उतू जायच्या बेतात होता. मी एवढंच म्हटलं, "निवांत सांगते." आज घर शांत आहे, म्हणून बसले लिहायला.

अगं, "कुठलं चांगलं" हा प्रश्न मागून येतो. आधी डोळे मिटून ती संध्याकाळ डोळ्यांसमोर आण. आई मेनूकार्ड हातात धरून बसलीय. तिला त्यातलं निम्मं कळत नाहीये. ती हळूच तुझ्याकडे वाकून विचारते, "यात अंडं असेल का गं?" मग थोड्या वेळाने, "हे केवढ्याला आहे?" मग, "बाथरूम लांब आहे का?" असे प्रश्न तिला विचारावे लागले की तिची संध्याकाळ संपली असं समज. ती तुझ्यासाठी हसेल, फोटोला उभी राहील, पण जेवणार नाही. माझं सगळं सांगणं एवढ्यातच आलं: टेबलावर बसल्यावर आईला एकही प्रश्न विचारायची वेळ येऊ नये. ते सगळे प्रश्न तू आधी विचारून ठेवायचे.

हे मला कुठून कळलं, तेही सांगते. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला आम्ही त्यांना अशाच एका मोठ्या हॉटेलात नेलं होतं. त्या पक्क्या शाकाहारी. बुकिंग करताना मी रकान्यात "व्हेजिटेरियन" लिहिलं आणि मला वाटलं, झालं आपलं काम. भोपळ्याचं सूप आलं. रंग सुरेख, वर थोडी साय सोडलेली. त्यांनी दोन चमचे घेतले. तिसरा तोंडाशी नेताना मी वाढणाऱ्या मुलाला सहज विचारलं आणि तो प्रामाणिकपणे म्हणाला, सूप चिकनच्या स्टॉकमध्ये केलंय. सासूबाईंना इंग्रजी फारसं कळत नसे, पण "चिकन" हा शब्द कळला. त्यांनी चमचा खाली ठेवला. एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर फक्त पाव खाल्ला आणि गाडीत बसताना म्हणाल्या, "छान होतं हो हॉटेल." रात्री अकरा वाजता मी पाणी प्यायला उठले तर त्या अंधारात दहीभात कालवून खात होत्या. तो आवाज, वाटीवर चमचा हळू लागल्याचा, मी अजून विसरलेले नाही. चूक माझी होती. मी विचारलं, पण उशिरा.

म्हणून पहिलं काम फोनचं. बुकिंग संगणकावर कर, पण त्यानंतर हॉटेलला फोन कर, आणि तो दुपारी तीन ते पाचच्या मध्ये कर. तेव्हा दुपारचं जेवण आटोपलेलं असतं, रात्रीची गर्दी सुरू व्हायची असते, आणि शेफला एखादा प्रश्न नेऊन विचारायला माणसाला सवड असते. "वी आर व्हेजिटेरियन" एवढ्यावर थांबू नकोस. इथे त्या शब्दाचा अर्थ प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा. काहींच्या शाकाहारात मासे बसतात, अंडं तर जवळपास सगळ्यांच्याच बसतं. सरळ यादी सांग: मटण नको, चिकन नको, मासे नकोत, स्टॉक नको, जिलेटिन नको, अंडं नको. दूध, लोणी, दही चालेल. हे शेवटचं सांगायला विसरू नकोस, नाहीतर ते तुम्हाला व्हीगन समजतील आणि बाबांना लोण्याशिवाय पाव खावा लागेल.

आता कुठे कुठे लपलेलं असतं ते ऐक. मशरूमच्या रिसोटोत हमखास स्टॉक असतो, तो भाजीचा आहे का हे विचारावंच लागतं. सीझर सॅलडच्या वरच्या रसात अँचोव्ही नावाचा छोटा मासा वाटलेला असतो. वूस्टरशर सॉसमध्येही तोच. भाजलेले बटाटे कधी कधी बदकाच्या चरबीत परततात, म्हणूनच ते इतके खमंग लागतात. अस्सल पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. तुझी आई ते खाते की नाही हे तिला आधी घरी विचार, टेबलावर नको. पन्ना कोटात जिलेटिन असतं, मूसमध्येही पुष्कळदा असतं. आणि ज्या पावलोव्हाचं या देशाला एवढं कौतुक, ती म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या भागाचा फेस. अंडं न खाणाऱ्याला गोडात फळं, सॉर्बे किंवा चीजची थाळी राहते, आणि पन्नासाव्या वाढदिवसाला नुसतं सॉर्बे म्हणजे फारच कोरडं झालं. चार दिवस आधी सांगितलं तर चांगल्या हॉटेलातलं स्वयंपाकघर बिनअंड्याचं काहीतरी खास करून देतं. आयत्या वेळी सांगितलं तर त्यांचा नाइलाज होतो, त्यांना दोष देऊन उपयोग नाही.

आणि फोनवर एक गोष्ट मोकळेपणाने सांग: "माझ्या आई-वडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आहे, ते भारतातून आलेत." या देशात माओरी भाषेतला एक शब्द आहे, मानाकितांगा. पाहुण्याचा मान राखणं, त्याला काही कमी पडू न देणं, असा त्याचा अर्थ. हॉटेलात काम करणारी मुलं हा शब्द ऐकत वाढलेली असतात. कारण सांगितलंस की टेबल चांगलं मिळतं आणि वाढणाऱ्याचं लक्ष राहतं. संकोच करू नकोस. आपण मागायला लाजतो आणि मग मनात कुढत बसतो.

वार आणि तिथीही बघून घे. त्या दिवशी संकष्टी किंवा एकादशी आली तर आईचा उपास, आणि ती तुला सांगणार नाही. संकष्टी असलीच तर लक्षात ठेव, भिंतीवरच्या कालनिर्णयातली चंद्रोदयाची वेळ इथली नव्हे. इथला चंद्र कधी उगवतो ते ऑकलंडच्या पंचांगावरून काढ. त्यापेक्षा जेवण एक दिवस पुढे ढकल. वाढदिवसाच्या दिवशी घरी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी हॉटेल. त्यात काही बिघडत नाही.

वेळ सहाची घे. हो, सहाची. तुला लवकर वाटेल. घरी साताऱ्यात बाबा साडेआठच्या आधी ताटावर बसत नसतील. पण इथली स्वयंपाकघरं लवकर मिटतात, नऊ-साडेनऊला शेवटची ऑर्डर, आणि बऱ्याच ठिकाणी टेबल दीड-दोन तासांनी पुढच्यांना द्यायचं असतं. साडेसातचं टेबल घेतलंस तर शेवटच्या घासापर्यंत घाई. शिवाय मार्चच्या मध्याला ऑकलंडमध्ये सूर्य पावणेआठच्या सुमारास मावळतो. सहाला बसलात तर उजेडात बंदर दिसेल, जेवताना ऊन पिवळं होत जाईल आणि गोडाच्या वेळेला दिवे लागतील. एकाच जेवणात दोन्ही पाहून होतं. हेच तू जूनमध्ये विचारलं असतंस तर मी वेगळं सांगितलं असतं, कारण तेव्हा पाच वाजून गेले की काळोख होतो आणि खिडकीपेक्षा उबेजवळची जागा मोलाची.

बाबांना मधुमेह आहे ना? मग सहाची वेळ त्यांनाही सोयीची. बसल्याबसल्या पाव आणून द्यायला सांग. ऑर्डर दिल्यापासून पहिला पदार्थ यायला अर्धा तास सहज जातो, गोळी किंवा इंजेक्शन घेऊन बसलेल्या माणसाला तो जड जातो.

आता जागा. तुला पाच-सहा नावं कुणीकुणी सांगितली असतील. मी मला ठाऊक असलेलं सांगते, निवड तुझी.

सगळे सगळ्यात आधी स्काय टॉवर म्हणतात. 328 मीटर उंच, 1997 साली सुरू झालेला, आणि वर ऑर्बिट नावाचं फिरतं रेस्टॉरंट. साधारण तासाभरात एक फेरी पूर्ण होते. जेवता जेवता हार्बर ब्रिज, रांगीतोतो बेट, माउंट ईडन, सगळं नजरेसमोरून सरकत जातं. तुझ्या बाबांना नकाशे आणि उंच जागा आवडतात, त्यांना ते फार भावेल. पण आईला चक्कर येते का, आधी विचार. लिफ्टमध्ये कान बंद होतात. आणि फिरत्या रेस्टॉरंटात सहसा जमीन फिरते, खिडकी जागच्या जागी राहते. आईने पर्स खिडकीच्या कठड्यावर ठेवली तर ती मागे राहील आणि मागच्या टेबलाकडे पोचेल, एवढं तिला सांगून ठेव.

हा टॉवर ज्या स्कायसिटीत आहे, तिच्याच आवारात दोन जागा आपल्या माणसांसाठी मला विशेष वाटतात. एक मेटिता. मायकल मेरेडिथ या सामोआत जन्मलेल्या शेफने 2023 साली स्कायसिटी ग्रँड हॉटेलात ती सुरू केली. तिथे पॅसिफिक बेटांवरचं जेवण. तुला वाटेल, त्यात आपलं काय? अगं, त्या बेटांवरचा टारो म्हणजे आपल्या अळूचाच कंद. पालुसामी हा सामोआचा पदार्थ म्हणजे अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेली. तुझी आई मूळची कोकणातली, तिला अळूचं फदफदं आणि नारळाचा रस यांची ओळख करून द्यावी लागणार नाही. इतक्या दूरच्या समुद्रात कुणीतरी तेच पान आणि तोच नारळ एकत्र शिजवतंय, हे तिला त्या टेबलावर सांगायला मिळालं तर तिचा चेहरा बघ. कुठला पदार्थ मांसाशिवाय करून मिळेल हे मात्र आधी विचार.

दुसरी कॅसिया. सिड सहरावत या भारतात वाढलेल्या शेफचं हे रेस्टॉरंट 2014 साली फोर्ट लेनमध्ये सुरू झालं. जानेवारी 2023 च्या पुरात ती तळघरासारखी जागा पाण्याखाली गेली आणि मग ते स्कायसिटीत नव्याने उभं राहिलं. भारतीय चवी, पण मांडणी अगदी वेगळी. इथे शाकाहार म्हणजे काय हे समजावत बसावं लागत नाही, हा मोठा फायदा. तोटा एकच, बाबा म्हणू शकतात, "एवढ्या लांब येऊन पुन्हा आपलंच जेवण?" तुझे बाबा तसं म्हणणारे आहेत का, ते तुला माहीत.

बंदराजवळ विनयार्ड क्वार्टरमध्ये पार्क हयात आहे, 2020 साली उघडलेलं. त्या हॉटेलातलं ओनेमाता रेस्टॉरंट पाण्याच्या कडेला. माझं मन इथे झुकतं. उंच जायचं नाही, जेवण झाल्यावर बाहेर पडलं की समोरच बंदराच्या काठाने सपाट वाट. बाबांना जेवणानंतर शतपावली लागते ना? दोघं हळूहळू बोटी बघत चालतील. ब्रिटोमार्ट हॉटेलातलं किंगीही लोक सुचवतील, पण त्याची ख्याती माशांसाठी. तुझे दीर-जाऊ बरोबर असतील, ते खूश होतील, आई नाही.

सायमंड्स स्ट्रीटवरचं कॉर्डिस, जे 2017 पर्यंत लँगहॅम होतं, त्याचं 'एट' हे बुफे आपल्या लोकांत फार लोकप्रिय. आठ स्वयंपाकघरं, म्हणून तसं नाव. मुलांच्या वाढदिवसाला, ऑफिसच्या मंडळींना मी डोळे झाकून बुफे सांगेन. पण पन्नासाव्या वाढदिवसाला सत्तरीच्या आई-बाबांना कुठल्याही हॉटेलच्या बुफेला नेऊ नये असं माझं मत आहे. हातात ताटली घेऊन पाच वेळा उठायचं, कुठल्या भांड्यातला डाव कुठे गेला याची काळजी करायची, आणि ज्यांचा दिवस आहे तेच रांगेत उभे. त्या दिवशी त्यांनी बसायचं आणि दुसऱ्याने त्यांना वाढायचं.

कॉर्डिसचंच नाव निघालं म्हणून आणखी एक सुचवते. तिथल्यासारखा हाय टी. दुपारी तीन थरांच्या तबकात छोटी सँडविच, स्कोन, केक आणि चहाची किटली. आई-बाबा रात्री नऊला झोपणारे असतील तर हा रात्रीच्या जेवणापेक्षा चांगला. चहा हा त्या दोघांचा जन्माचा सोबती. खर्चही बेताचा. बिनअंड्याचा, बिनजिलेटिनचा हाय टी मिळेल का, हाच प्रश्न फोनवर विचारायचा.

ऑकलंडच्या बाहेर जायची हौस असेल आणि दिवस हाताशी असतील, तर आओराकी माउंट कूकच्या पायथ्याशी हर्मिटेज हॉटेल आहे. पहिलं हर्मिटेज 1884 साली बांधलं गेलं. 3,724 मीटरचा तो डोंगर समोर बघत जेवायचं. नाहीतर वेलिंग्टन. तिथल्या म्यूझियम हॉटेलची अख्खी इमारत 1993 साली ते पापा संग्रहालयाला जागा करून देण्यासाठी रुळांवर सरकवून रस्त्यापलीकडे नेली होती, बाबांना हे सांग, ते स्वतः जाऊन बघायचा हट्ट धरतील. आता तिथे क्यूटी हॉटेल आहे.

पैशांचं बोलू या, कारण आईचं सगळं लक्ष तिथेच असणार. मोठ्या हॉटेलात मुख्य पदार्थ चाळीस-पन्नास डॉलरच्या पुढेच असतो. आई मनातल्या मनात पन्नासने गुणेल आणि तिला साताऱ्यातलं महिन्याचं वाणसामान आठवेल. मग ती म्हणेल, "मला भूक नाही, मी हिच्यातलंच घेते." त्यावर उपाय आहे. तुम्हा आठ जणांसाठी ठरलेल्या पदार्थांचा सेट मेनू आधीच निवड आणि आईच्या हातात किमती नसलेलं कार्ड पडेल असं हॉटेलला सांग, मागितलं तर ते छापून देतात. वर दोघांची नावं आणि "पन्नास वर्षं" असं लिहायला सांग. ते कार्ड आई सामानात जपून साताऱ्याला नेईल. बिल टेबलावर येऊ देऊ नकोस. बाथरूमला जातेय म्हणून उठ आणि काउंटरवर भरून ये. बाबा खिशात हात घालतील तेव्हा सगळं झालेलं असलं पाहिजे, नाहीतर पाच मिनिटं ओढाताण आणि आजूबाजूचे बघत राहतात.

इथल्या किमतीत पंधरा टक्के जीएसटी धरलेला असतो, वर कर लागत नाही. टीपची प्रथा नाही. कुणी मनापासून वाढलं तर द्यावंसं वाटतं, ते वेगळं. सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी मात्र बिलावर बहुतेक ठिकाणी पंधरा टक्के अधिभार लागतो, कारण कायद्याने त्या दिवशी कामगाराला दीडपट पगार आणि बदली रजा द्यावी लागते. तुमच्या तारखेला तसं काही नाही. पण बुकिंग करताना कार्डाचा नंबर घेतात आणि आयत्या वेळी कुणी आलं नाही तर माणशी पैसे कापतात, ती अट वाचून घे. आठ जण सांगून सहाच जाणं आपल्यात नेहमीचं. दीर-जाऊंकडून आधी पक्कं हो घे.

बसल्यावर वाढणारा पहिला प्रश्न पाण्याचा करतो, साधं की बुडबुड्यांचं. दोन्ही बाटल्यांचे पैसे पडतात. तू "टॅप वॉटर" म्हण, त्यात कमीपणा नाही. 2012 च्या कायद्याने तिथेच बसून दारू पिण्याचा परवाना असलेल्या प्रत्येक जागेला पिण्याचं पाणी फुकट द्यावंच लागतं, आणि ऑकलंडच्या नळाचं पाणी बाबा घरी रोज पितातच. वाइन घ्यायची तर घ्या, न घेणाऱ्यांसाठी जिंजर बिअर किंवा फळांचं काही मागव, नुसत्या पाण्याच्या पेल्याने "चिअर्स" करायची वेळ आईवर नको. गाडी चालवणाऱ्याने मात्र थेंबही घेऊ नये. 2014 पासून इथे गाडी चालवणाऱ्यासाठीची दारूची मर्यादा बरीच खाली आणलीय, आणि गाडीत आई-बाबा असतील.

मेनूतले शब्दही घरी सांगून ठेव. इथे 'आंत्रे' म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, मग 'मेन', मग गोड. मेनसोबत भाजी येतेच असं नाही, ती 'साइड' म्हणून वेगळी मागवावी लागते. वाटून खायच्या थाळ्या आल्या तर शाकाहारी बाजूला वेगळे चिमटे द्यायला सांग. हेही फोनवरच, टेबलावर नको.

साडी आईला हवी ती नेसू दे. "स्मार्ट कॅज्युअल" वाचून घाबरू नकोस, पैठणी कुठल्याही हॉटेलात सगळ्यात देखणी दिसते. मार्चमध्येही बंदरावर वारा असतो, शाल घे. टेबल कोपऱ्यातलं माग, बारपासून लांब, बसायला पाठ असलेली खुर्ची, उंच स्टूल नको. बाबांना एका कानाने कमी ऐकू येतं ना? मग त्यांना भिंतीच्या बाजूला बसव, चांगला कान माणसांकडे. पायऱ्या आहेत का, बाथरूम त्याच मजल्यावर आहे का, हे विचार. त्यांना दारात उतरव, मग गाडी लावायला जा.

औक्षण घरीच कर. निरांजन हॉटेलात लावू देत नाहीत, आणि ती आपली देवासमोरची गोष्ट आहे, अनोळखी माणसांपुढे आईला संकोच वाटेल. निघायच्या आधी पाटावर बसव दोघांना, मुलांना अक्षता टाकू दे, हातावर साखर ठेव. केक बिनअंड्याचा आपल्या सँड्रिंगहॅमकडच्या दुकानातून नेणार असशील तर हॉटेलला आधी विचार, बाहेरचा केक कापून वाढायचे काही ठिकाणी पैसे घेतात. आणि साताऱ्याचा व्हिडिओ कॉल जेवणाच्या आधी. घड्याळ बघ: इथे संध्याकाळी पाच म्हणजे मार्चमध्ये तिकडे सकाळचे साडेनऊ. आत्या, मामा, सगळे घरी सापडतील. औक्षणाच्या वेळीच फोन लाव, त्यांनाही ते पाहता येईल. टेबलावर मात्र फोन नको. तिथे पाऊण तास फोन फिरत राहिला तर जेवण गार होतं आणि ज्यांच्यासाठी गेलो ते दोघं पडद्याकडे बघून हात हलवत बसतात.

एक शेवटचं, हे फक्त तुझ्यासाठी. तू सगळ्यांचं बघशील आणि स्वतः उपाशी उठशील, मला माहीत आहे. आईला शेजारी बसव, पण बाबांचं ताट नवऱ्याला बघू दे. मुलांचं जावेला सांग. आई-बाबांच्या व्हिसाचे महिने भरभर संपतात. या संध्याकाळी ती तुझी आई आहे आणि तू तिची मुलगी, कारभारीण नव्हेस. तिच्या ताटातला एक घास मागून खा. ती पहिल्यांदा तेव्हा हसेल.

उद्या दुपारी तीनला फोन कर. पहिला प्रश्न स्टॉकचा विचार. टेबल पक्कं झालं की मला कळव.